माहितीचोर ट्रोजन: आत कसा येतो, मुक्काम कुठे ठोकतो आणि त्याला हाकलायचा कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिरगाव, फोर्ट, दादर या पट्ट्यातल्या छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळणं हा माझा धंदा. सीएंची ऑफिसं, डीटीपीवाले, काही हाउसिंग सोसायट्या. खालचे प्रश्न लोकांनी फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा टेबलाशी उभं राहून विचारलेले आहेत. जुलै आणि सप्टेंबरमध्ये, रिटर्न आणि ऑडिटच्या धावपळीत, ते जरा जास्तच येतात. घाईत माणूस काहीही उघडतो.

आत्ता या क्षणी संशयास्पद फाइल उघडून बसला असाल, तर कॉम्प्युटरचं नेट तोडा, हे पान फोनवर उघडा आणि ‘उघडून बसलोय’ या प्रश्नाकडे थेट जा. बाकीचं नंतर वाचा.

माहितीचोर ट्रोजन म्हणजे व्हायरसच ना?

बोलताना आपण सगळ्यालाच व्हायरस म्हणतो, त्याला हरकत नाही. पण फरक कामाचा आहे. व्हायरस स्वतःहून एका फाइलीतून दुसरीत पसरतो. ट्रोजन पसरत नाही. तो तुम्हाला हव्या असलेल्या वस्तूचं सोंग घेऊन येतो आणि तुम्हीच त्याला डबल क्लिक करून आत घेता. माहितीचोर, ज्याला या धंद्यात स्टीलर म्हणतात, हा ट्रोजनचा एक प्रकार. तो फाइलींना कुलूप लावून खंडणी मागत नाही, स्क्रीनवर कवटी दाखवत नाही, मशीन स्लोही करत नाही. पासवर्ड, कुकी (वेबसाइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखीची चिठ्ठी), कार्डाचे नंबर, कामाच्या फाइली गोळा करतो आणि बिनबोभाट पाठवून देतो.

प्रकार जुना आहे. २००७ च्या सुमारास उजेडात आलेला झ्यूस बँकांच्या लॉगिनवर टपलेला असायचा. पुढे एजंट टेस्ला आला, २०२० मध्ये रेडलाइन, २०२२ मध्ये लुमा. बदललं ते हे की आता चोराला प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही. स्टीलर महिन्याच्या भाड्याने मिळतो, टेलिग्रामवर, ग्राहकसेवेसकट. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने आणि अमेरिकेच्या न्याय खात्याने लुमाचे सुमारे २,३०० डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचे पत्ते, बंद पाडले किंवा ताब्यात घेतले. १६ मार्च ते १६ मे या दोन महिन्यांत जगभरात ३,९४,००० हून जास्त विंडोज कॉम्प्युटरना लुमाची लागण झाल्याचं मायक्रोसॉफ्टने तेव्हा सांगितलं. हा एका स्टीलरचा हिशेब.

आमच्या एवढ्याशा ऑफिसात चोरण्यासारखं आहे तरी काय?

हा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाच्या डेस्कटॉपवर एक एक्सेल फाइल असते. नाव ‘क्लायंट पासवर्ड नवीन फायनल’. त्यात दोन-अडीचशे लोकांचे पॅन, इन्कम टॅक्स पोर्टलचे पासवर्ड, जीएसटीचे लॉगिन, मोबाइल नंबर, आणि ‘रिमार्क’ या रकान्यात बँकेचंही काहीबाही. स्टीलरला डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्समध्ये ठरावीक शब्दांची नावं असलेल्या फाइली उचलायला शिकवलेलं असतं. ‘पासवर्ड’, ‘बँक’, ‘वॉलेट’ ही त्यातली नेहमीची.

त्याशिवाय ब्राउझरने लक्षात ठेवलेले सगळे पासवर्ड आणि कुकी, फॉर्म आपोआप भरण्यासाठी साठवलेले पत्ते आणि कार्ड नंबर, ईमेल प्रोग्रॅमची खाती, टेलिग्राम डेस्कटॉपचं चालू सत्र, क्रिप्टो वॉलेट, आणि जाता जाता स्क्रीनचा एक फोटो. हे सगळं एका गठ्ठ्यात बांधलं जातं. बाजारात या गठ्ठ्याला ‘लॉग’ म्हणतात आणि असे लॉग ठोक भावात विकले जातात. एप्रिल २०२३ मध्ये एफबीआय आणि डच पोलिसांनी अनेक देशांच्या मदतीने जेनेसिस मार्केट नावाचा असाच बाजार बंद केला. कारवाईचं नाव होतं ऑपरेशन कुकी मॉन्स्टर.

थोडक्यात, तुम्हाला कुणी हेरलेलं नाही. जाळं टाकलं होतं, तुम्ही सापडलात. तुमच्या लॉगमध्ये काय निघतं ते घेणारा नंतर बघतो. २०२४ मध्ये स्नोफ्लेक या डेटा साठवणाऱ्या कंपनीच्या अनेक मोठ्या ग्राहकांची माहिती गेली, तेव्हा वापरलेले पासवर्ड बरेचसे असेच, कधीकाळी कुणाच्या तरी मशीनवरून स्टीलरने उचललेले होते. काही तर वर्षानुवर्षं बदललेलेच नव्हते.

तो आत येतो कुठून?

माझ्या अनुभवात पहिला नंबर फुकटच्या सॉफ्टवेअरचा. फोटोशॉपचा क्रॅक, म्हणजे पैसे न भरता ते चालवून देणारी फाइल, ऑटोकॅडचा पॅच, ऑफिस आणि विंडोजचा ‘अ‍ॅक्टिव्हेटर’. डीटीपीवाल्यांकडे फॉन्टचे पॅक. या फाइलींसोबत एक सूचनापत्र येतं आणि त्यातली पहिली ओळ ठरलेली: ‘इन्स्टॉल करण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करा.’ लोक करतात. क्रॅक आहे म्हणजे अँटिव्हायरस ओरडणारच, हे सगळ्यांना पाठ झालंय. चोराला याहून सोयीचं काय हवं? गंमत म्हणजे क्रॅक बहुतेक वेळा चालतोही. फोटोशॉप सुरू होतं, म्हणून संशय येत नाही.

दुसरा रस्ता सर्चमधल्या जाहिरातींचा. तुम्ही एखाद्या रोजच्या सॉफ्टवेअरचं नाव टाकता, सर्वात वर ‘प्रायोजित’ असं बारीक अक्षरात लिहिलेला निकाल येतो, पान हुबेहूब मूळ कंपनीसारखं असतं आणि डाउनलोडच्या बटणामागे तिसरंच काही. म्हणून आमच्या सगळ्या क्लायंटना एकच नियम सांगून ठेवलाय: सॉफ्टवेअर शोधायचं नाही, पत्ता स्वतः टाइप करायचा.

तिसरा ईमेल. जीएसटीची नोटीस, कुरिअरची पावती, कोटेशन, मोठ्या कंपनीची ऑर्डर. जोडलेली झिप फाइल पासवर्डने बंद असते आणि पासवर्ड त्याच ईमेलमध्ये लिहिलेला असतो. क्षणभर थांबून विचार करा. किल्ली जर कुलपालाच लटकवायची असेल तर कुलूप कशासाठी? कारण असं की बंद झिपच्या आत ईमेल सेवेच्या स्कॅनरला डोकावता येत नाही. पूर्वी वर्ड आणि एक्सेलचे मॅक्रो, म्हणजे फाइलीच्या आतच ठेवलेले छोटे प्रोग्रॅम, हा लाडका मार्ग होता. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली, तेव्हापासून झिप, आयएसओ (अख्ख्या डिस्कची एका फाइलीतली नक्कल) आणि शॉर्टकट फाइलींचं पीक आलं.

चौथा मुलांकडून येतो. गेमचे चीट आणि मोड, यूट्यूबच्या वर्णनातल्या लिंक. घरचा लॅपटॉप ऑफिसच्या कामालाही वापरत असाल तर हा रस्ता तुमच्याही दारातून जातो.

मी तर फक्त पीडीएफ उघडली होती. पीडीएफने काय होणार?

पीडीएफ होती कशावरून? विंडोज मुळात फाइलीच्या नावाचं शेपूट लपवून ठेवतं. ‘नोटीस डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ असं पूर्ण नाव असेल तर तुम्हाला दिसतं फक्त ‘नोटीस डॉट पीडीएफ’. शेजारी लाल रंगाचं पीडीएफचं चित्र. ईएक्सई म्हणजे चालणारा प्रोग्रॅम, आणि तो बनवणारा त्याला हवं ते चित्र लावू शकतो. डबल क्लिक केल्यावर कधीकधी खरी पीडीएफही उघडते, कसलीतरी सरकारी दिसणारी नोटीस, आणि तुम्ही ती वाचत असताना मागे काम उरकलेलं असतं.

फाइल एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’ मध्ये जाऊन फाइलींची शेपटं दाखवण्याचा पर्याय आजच सुरू करा. इतका साधा उपाय आणि शंभरातल्या नव्वद मशीनवर तो बंद असतो असं म्हटलं तर कुणी माझ्याशी भांडणार नाही.

‘मी रोबो नाही’ वर क्लिक केलं आणि काहीतरी पेस्ट करायला सांगितलं. केलं. आता?

आता नेट तोडा. हा प्रकार २०२४ पासून फार वाढलाय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पान उघडतं, चौकोनावर टिचकी मारायला सांगतं. टिचकी मारली की त्या पानाने तुमच्या क्लिपबोर्डवर गुपचूप एक आज्ञा कॉपी केलेली असते. मग सूचना येतात: खात्री पटवण्यासाठी विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. पहिल्याने ‘रन’ ची छोटी चौकट उघडते, दुसऱ्याने चोराची आज्ञा तिथे चिकटते, तिसऱ्याने ती चालते. चौकट एवढीशी असते की लांबलचक आज्ञेचं फक्त शेवटचं टोक दिसतं. त्या टोकाला मुद्दाम ‘मी रोबो नाही, पडताळणी क्रमांक अमुक’ असं इंग्रजीत लिहून ठेवलेलं असतं. खरं काम करणारा मजकूर डावीकडे, नजरेआड.

यात कुठलीही फाइल तुम्ही डाउनलोड केली नाही, त्यामुळे ब्राउझर इशारा देत नाही. आज्ञा तुम्ही, स्वतःच्या हाताने, विंडोजला दिली.

नक्की काय पेस्ट झालं ते बघायचं असेल तर पुन्हा विंडोज आणि आर दाबून चौकटीतल्या बाणावर क्लिक करा. आधी चालवलेल्या आज्ञांची यादी दिसते. तिचा फोटो फोनने काढून ठेवा, तक्रारीला उपयोगी पडतो. एंटर मात्र चुकूनही दाबू नका, एस्केप दाबून बाहेर या.

खरी कॅप्चा, म्हणजे ही ‘मी रोबो नाही’ वाली तपासणी, तुम्हाला कीबोर्डवरून कधीही काही चालवायला सांगत नाही. कधीही.

नुसती वेबसाइट उघडल्याने लागण होते का?

ब्राउझर आणि विंडोज अद्ययावत असतील तर क्वचितच. बहुतेक वेळा तुमच्याकडून काहीतरी चालवून घ्यावं लागतं. पण विंडोज १० चं मोफत समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं, आणि ते तसंच चालवणारी ऑफिसं मला रोज भेटतात. त्यांच्यासाठी हे उत्तर दर महिन्याला थोडं थोडं खोटं ठरत जाणार.

उघडल्यावर आत नेमकं होतं काय?

पहिली फाइल बहुधा खरा स्टीलर नसतेच. ती हमाल असते, खरा माल मागाहून उतरवते. माल उतरला की तो आधी आजूबाजूला बघतो. आपण खऱ्या माणसाच्या मशीनवर आहोत की कुणा संशोधकाच्या प्रयोगशाळेत? लुमाच्या एका आवृत्तीत तर माउस हलतो तेव्हा त्याच्या वळणांचे कोन मोजायची सोय होती, कारण माणसाचा हात आणि यंत्राने हलवलेला बाण वेगळे वळतात. त्रिकोणमिती शाळेनंतर कुणाच्या तरी उपयोगी पडली म्हणायची. अनेक स्टीलर भाषाही तपासतात, आणि मशीन रशिया किंवा आसपासच्या काही देशांतलं वाटलं तर गप बंद होतात. मराठी कीबोर्ड बघून कुणी बंद होत नाही.

मग ब्राउझरची पाळी. क्रोम आणि एजमधले पासवर्ड कुलूपबंद असतात, पण विंडोजवर ते कुलूप अनेक वर्षं तुमच्या लॉगिनलाच बांधलेलं होतं. तुम्ही लॉगिन केलंय, स्टीलर तुमच्याच नावाने चालतोय, त्याने विंडोजला ‘उघड’ म्हटलं की विंडोज उघडून देतं. जुलै २०२४ मध्ये क्रोमच्या १२७ व्या आवृत्तीत गूगलने कुकींसाठी आणखी एक कुलूप घातलं. सप्टेंबरपर्यंत स्टीलर विकणारे त्यावर तोडगा सापडल्याची जाहिरात करत होते. फायरफॉक्समध्ये मुख्य पासवर्ड लावलेला नसेल तर किल्ली पासवर्डांच्या शेजारीच ठेवलेली असते.

गठ्ठा बांधून झाला की तो चोराच्या सर्व्हरकडे, किंवा सरळ टेलिग्रामच्या बॉटकडे जातो. टेलिग्रामकडे जाणारी रहदारी बघून ऑफिसच्या राउटरला काय वावगं वाटणार? हे सगळं व्हायला फार तर काही मिनिटं लागतात.

पण मी अ‍ॅडमिनचा पासवर्ड दिलाच नव्हता!

लागतच नाही. तुमचे पासवर्ड, तुमच्या कुकी, तुमच्या फाइली तुमच्याच खात्यात आहेत. त्या वाचायला तुमच्याइतकेच अधिकार पुरतात. अ‍ॅडमिनचे अधिकार मिळाले तर तो सुरक्षा बंद करू शकतो आणि खोलवर घर करू शकतो, म्हणून रोजचं काम साध्या खात्यावर करणं चांगलंच. पण त्याने चोरी थांबते असं समजू नका.

ओटीपी लावलाय. मग पासवर्ड गेला तरी काय बिघडलं?

इथेच सगळे फसतात. तुम्ही लॉगिन करता, पासवर्ड देता, ओटीपी देता, मग वेबसाइट ब्राउझरला एक सेशन कुकी देते. ती लोकलच्या पासासारखी. काढताना सगळी चौकशी, नंतर फक्त दाखवायची. टीसी निदान कधीतरी ओळखपत्र मागतो, वेबसाइट बहुधा तेवढंही करत नाही. चोराने ती कुकी स्वतःच्या ब्राउझरमध्ये ठेवली की तो तुमच्या चालू लॉगिनमध्येच जाऊन बसतो. पासवर्ड नको, ओटीपी नको, तुमच्या फोनवर मेसेजही नाही.

मार्च २०२३ मध्ये लायनस टेक टिप्स हा दीड कोटीहून जास्त सबस्क्रायबर असलेला यूट्यूब चॅनेल असाच हातातून गेला होता. प्रायोजकाचा प्रस्ताव वाटणारी फाइल कर्मचाऱ्याने उघडली, कुकी गेली, आणि चॅनेलवर क्रिप्टोच्या फसव्या जाहिराती सुरू झाल्या. ज्यांचा धंदाच कॉम्प्युटरचा त्यांची ही गत.

बँकांच्या वेबसाइट थोड्या वेळात आपोआप लॉगआउट करतात आणि व्यवहाराला वेगळा ओटीपी मागतात, म्हणून तिथे नुसत्या कुकीने पैसे सहसा जात नाहीत. जीमेल मात्र महिनोन्‌महिने उघडंच असतं. आणि जीमेल हातात आलं की बाकी सगळ्यांचं ‘पासवर्ड विसरलात?’ त्याच्याकडेच येतं.

रीस्टार्ट केला की तो जातो का?

काही जातात, कारण त्यांना राहायचंच नसतं. बरेच आधुनिक स्टीलर हात मारला की स्वतःची फाइल पुसून पोबारा करतात. तुम्ही दोन तासांनी स्कॅन करता, मशीन स्वच्छ निघतं आणि तुम्ही सुस्कारा सोडता. मशीन स्वच्छ आहे हे खरंच असतं. माल गेलाय हेही खरं असतं.

जे राहतात त्यांना एकच गोष्ट साधायची असते: तुम्ही पुन्हा लॉगिन केलं की आपणही उठायचं. त्यासाठी विंडोजच्याच सोयी वापरल्या जातात. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या दप्तरात, ‘रन’ नावाच्या नोंदी असतात, लॉगिन होताच काय सुरू करायचं याची यादी; तिथे एक ओळ वाढवायला अ‍ॅडमिन लागत नाही. स्टार्टअप फोल्डरमध्ये शॉर्टकट टाकता येतो. टास्क शेड्यूलरमध्ये ‘दर दहा मिनिटांनी हे चालव’ असं काम लावता येतं, नाव कुठल्यातरी अपडेटरसारखं. ही शेवटची जागा मला सर्वात जास्त वेळा सापडते, कारण तिथे कुणी बघतच नाही.

फाइल स्वतः बहुधा ‘अ‍ॅपडेटा’ किंवा ‘प्रोग्रॅमडेटा’ या फोल्डरांत लपते, जे मुळातच नजरेआड ठेवलेले असतात. नाव विंडोजच्या एखाद्या घटकाचं. ‘एसव्हीसीहोस्ट’ नावाचा प्रोग्रॅम दिसला तर घाबरू नका, तो प्रत्येक विंडोजवर असतो. पण खरा ‘विंडोज’ च्या सिस्टिम फोल्डरमध्ये राहतो, तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये नाही. पत्ता बघा, नाव नको.

जास्त बेरकी असतील ते दुसऱ्याच्या घरात राहतात. नामांकित कंपनीचा, रीतसर सही असलेला प्रोग्रॅम घ्यायचा आणि त्याच्या शेजारी त्याला लागणारी डीएलएल फाइल बनावट ठेवायची. सही असलेला प्रोग्रॅम चालतो, बनावट फाइल आपोआप आत ओढली जाते. किंवा विंडोजचाच एखादा निरुपद्रवी प्रोग्रॅम सुरू करून त्याच्या मेमरीत स्वतःला भरायचं. टास्क मॅनेजरमध्ये नाव सज्जनाचं, काम चोराचं. डिफेंडर या विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसच्या ‘वगळलेल्या फोल्डर’ च्या यादीत स्वतःचं फोल्डर टाकून ठेवणारेही आहेत. ती यादी एकदा उघडून बघाच. तुम्ही काही टाकलेलं नसेल तर ती रिकामी असायला हवी.

शोधायला मायक्रोसॉफ्टचं ‘ऑटोरन्स’ हे फुकट साधन उत्तम. मशीन सुरू होताना उठणाऱ्या एकूण एक गोष्टी ते एका खिडकीत मांडतं. मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायचा पर्याय लावला की उरलेली यादी वाचता येण्याजोगी होते.

आणि आता ते, जे कुठल्याच स्कॅनरला सापडत नाही. चोराचा खरा मुक्काम बऱ्याचदा कॉम्प्युटरवर नसतो, तुमच्या खात्यांत असतो. जीमेलमध्ये त्याने ‘बँकेकडून आलेली प्रत्येक मेल या पत्त्यावर पाठव’ असा नियम लावलेला असतो. रिकव्हरीचा फोन नंबर बदललेला असतो. एखाद्या अ‍ॅपला खात्याची परवानगी दिलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘लिंक केलेल्या डिव्हाइस’ मध्ये एक अनोळखी नाव असतं. तुम्ही मशीन फॉरमॅट करा, नवं घ्या, जुनं माहीमच्या खाडीत टाका, तो तिथेच राहतो.

अँटिव्हायरस होता ना, दादा, दरवर्षी पैसे भरतो!

भरत राहा. पण अँटिव्हायरस ओळखीचे चेहरे चांगले पकडतो आणि भाड्याचा स्टीलर रोज नवा मुखवटा चढवून येतो. काही जण फाइल मुद्दाम शेकडो एमबीची फुगवतात, आत नुसते शून्य भरून, कारण काही स्कॅनर फार मोठ्या फाइली सोडून देतात. आणि क्रॅकसाठी तुम्हीच अँटिव्हायरस बंद केला असेल तर त्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

बँकेचा स्क्रीनवरचा कीबोर्ड वापरतो. तेवढं पुरे का?

नाही. क्लिक करताना स्क्रीनचे फोटो घेणारे ट्रोजन झ्यूसच्या काळापासून आहेत, आणि भरलेला फॉर्म पाठवण्याच्या क्षणी ब्राउझरमधून उचलणारेही.

डिजिटल सहीचं टोकन सुरक्षित आहे का?

सीए मंडळींचा खास प्रश्न. टोकन म्हणजे डिजिटल सही साठवलेलं, पेन ड्राइव्हसारखं दिसणारं यंत्र. त्यातली गुप्त किल्ली कॉपी करून नेता येत नाही, ती टोकनमध्येच राहते. पण टोकन सकाळी दहापासून सीपीयूला खोचलेलं, पिन कीबोर्डवरून टाइप केलेला, आणि मशीनचा ताबा दुसऱ्याकडे, असं झालं तर कॉपी करायची गरजच काय? सही झाली की टोकन काढा. काही ऑफिसांत तर दहा क्लायंटची टोकनं एका हबला लटकलेली दिसतात. बघवत नाही.

आमच्याकडे मॅक आहे.

अभिनंदन, पण २०२३ पासून ॲटॉमिक नावाचा मॅकसाठीचा स्टीलर फिरतोय. तो मॅकचा पासवर्ड विचारणारी बनावट चौकट दाखवतो आणि लोक देतात.

उघडून बसलोय. आता काय करू? क्रमाने सांगा.

नेट तोडा. वायफाय बंद, केबल असेल तर उपसा.

यापुढे त्या मशीनवर कुठलाही पासवर्ड टाकू नका, बदलायलासुद्धा नाही. हे सर्वात महत्त्वाचं. ट्रोजन अजून जिवंत असेल तर नवा पासवर्ड त्याच्या हातात आयता पडतो. घाबरून त्याच मशीनवर बारा पासवर्ड बदलणारे लोक मी पाहिलेत.

फोन घ्या किंवा दुसरा, भरवशाचा कॉम्प्युटर. पहिलं ईमेल. पासवर्ड बदला आणि ‘सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट’ करा. दुसरं केलं नाही तर चोरलेली कुकी काही सेवांवर पासवर्ड बदलल्यावरही चालू राहू शकते. मग तिथल्या तिथेच रिकव्हरी नंबर, फॉरवर्डिंगचे नियम, परवानगी दिलेली अ‍ॅप तपासा. ईमेल तुमच्या ताब्यात आल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण पुढच्या प्रत्येक खात्याची दोरी तिथेच बांधलेली आहे.

नंतर बँक. नेट बँकिंगचा पासवर्ड बदला, ब्राउझरमध्ये साठवलेली कार्डं ब्लॉक करून नवी मागवा. मग इन्कम टॅक्स, जीएसटी, व्हॉट्सअ‍ॅपची लिंक केलेली डिव्हाइस, सोशल मीडिया. क्लायंटचे पासवर्ड त्या मशीनवर असतील तर त्यांना कळवा. हा फोन करणं जड जातं, ठाऊक आहे. न कळवता त्यांच्या खात्यावरून खोटा रिफंड काढला गेला तर पुढचा फोन त्यांचा येईल.

फॉरमॅट करावाच लागतो का? नुसता स्कॅन नाही चालणार?

मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन जरूर करा. विंडोज पूर्ण सुरू होण्याआधी तो चालतो, त्यामुळे लपलेलं बरंच सापडतं. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रावर सफाईची मोफत साधनंही मिळतात. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेने हे केंद्र २०१७ मध्ये सुरू केलं. पण धंद्याचं मशीन असेल तर मी फॉरमॅटच करतो. स्कॅनर सांगतो ‘मला काही सापडलं नाही’, आपण ऐकतो ‘काही नाही’. त्या दोन वाक्यांत क्लायंटचे पैसे बसलेले असतात.

बॅकअप घेताना कागदपत्रं, फोटो, टॅलीचा डेटा एवढंच घ्या. सेटअप फाइली, क्रॅक, डाउनलोडचं अख्खं फोल्डर घेऊ नका. आणि विंडोज मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घेतलेलं टाका. बाजारात पेन ड्राइव्हमधून ‘सगळं अ‍ॅक्टिव्हेट करून’ देणारे आहेत; रोग काढायला गेलात आणि तोच पुन्हा टोचून आलात असं व्हायचं. फॉरमॅटनंतर क्रोममध्ये साइन इन केल्यावर एक्स्टेन्शनची, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमची, यादी बघा. चोराने एखादं घुसवलं असेल तर सिंकमधून ते हसत हसत परत येतं.

तक्रार कुठे करायची?

पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग बँक, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद. पहिल्या काही तासांत पैसे पुढच्या खात्यात अडकवता येण्याची शक्यता सर्वात जास्त. मुंबईत प्रत्येक प्रादेशिक विभागासाठी सायबर पोलीस ठाणं आहे, पण जवळच्या कुठल्याही पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा डिजिटल सही लबाडीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड.

बँकेला लेखी कळवल्याची वेळ जपून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी किती हे तो किती कामकाजाच्या दिवसांत कळवतो यावर ठरवलं होतं, आणि तीन दिवस ही त्यातली पहिली मर्यादा होती.

पैसे गेले नसले तरी नोंद करा. सहा महिन्यांनी तुमच्या नावाने कुठे कर्ज निघालं तर आजच्या तारखेचा कागद हातात असलेला बरा.

सोसायटीच्या ऑफिसातला कॉम्प्युटर सगळेच वापरतात. काय करावं?

मॅनेजरसाठी एक खातं, बाकीच्यांसाठी दुसरं, दोन्ही साधी. अ‍ॅडमिनचा पासवर्ड सेक्रेटरींकडे, बंद पाकिटात. सोसायटीचं नेट बँकिंग त्या मशीनवर नकोच. खजिनदारांच्या फोनवरून करा. कमिटीच्या सभेत यावर अर्धा तास वाद होतो, तरी रेटून न्या.

मग पासवर्ड ठेवायचे तरी कुठे? ब्राउझरमध्ये नको, एक्सेलमध्ये नको, डोक्यात राहत नाहीत.

पासवर्ड मॅनेजर घ्या, मुख्य पासवर्ड लांब ठेवा आणि काम झालं की तो आपोआप बंद होईल असं लावा. उघडाच राहिला तर तोही लुटता येतो. जिथे पासकीची (पासवर्डऐवजी फोनच्या किंवा कॉम्प्युटरच्या लॉकने लॉगिन) सोय आहे तिथे ती वापरा. चोरायला पासवर्डच उरत नाही, कुकीचा धोका मात्र राहतो, म्हणून काम संपल्यावर लॉगआउट करायचंच. क्लायंटचे दोनशे पासवर्ड सांभाळणाऱ्या ऑफिसांना मी इन्कम टॅक्स पोर्टलवर क्लायंटकडून स्वतःला सीए म्हणून जोडून घेऊन जमेल तेवढं काम स्वतःच्या लॉगिनने करायला सांगतो. ती सोय आहे, लोक आळसाने वापरत नाहीत.

आणि गिरगावातले एक वयस्कर सीए अजून सगळे पासवर्ड लाल कापडी बांधणीच्या वहीत लिहून गोदरेजच्या कपाटात ठेवतात. तरुण आर्टिकल्स, म्हणजे ऑफिसातले शिकाऊ सीए, त्यांना हसतात. स्टीलरपुरतं बोलायचं तर त्या वहीत मला काही खोट काढता येत नाही. फक्त पासवर्ड टाइप करताना शेजारचं मशीन स्वच्छ हवं, आणि ब्राउझरने ‘लक्षात ठेवू का?’ विचारलं की ‘कधीच नको’ दाबायचं.